बाळंतपणात एपिड्युरल घेतलंय? मग घरी जाताना एवढं लिहून न्या

भाचीचा फोन आला तेव्हा मी नाइट करून नुकती आडवी झाले होते. "मावशी, डोकं फुटतंय गं." बाळ तीन दिवसांचं. पहिलटकरीण, नॉर्मल डिलिव्हरी, कळांचं दुखणं कमी व्हावं म्हणून कमरेत देतात ते एपिड्युरल घेतलेलं. मी एकच विचारलं, "आडवी झालीस की कसं वाटतं?" जरा थांबून म्हणाली, "आडवी असले की काहीच नसतं. उठून बाळाला घेतलं की दोन मिनिटांत मानेतून वर चढतं. कानात दडे बसतात."

मला तेवढं पुरे होतं. पण तोवर तिच्या आईनं, माझ्या धाकट्या बहिणीनं, फोन काढून घेतला. "ताई, वारा लागलाय तिला. डोक्याला बांध म्हटलं तर ऐकत नाही. ओव्याची धुरी देतेय आता." आदल्या दिवशी ओपीडीत दाखवून आले होते. तिथं कुणीतरी अशक्तपणा आहे, नारळपाणी द्या, असं सांगून वाटेला लावलं होतं. बाई आडवी पडून असताना तपासली तर तिला काय दुखणार? ती हसूनही बोलते.

मी नाशकात प्रसूती वॉर्डात सिस्टर आहे, यंदा २६ वर्षं झाली. एपिड्युरल घ्यावं की नाही यावर मी काही बोलणार नाही. ज्यांनी घेतलं त्यांनी घेतलं, कळा सोसणाऱ्या बाईला शहाणपण शिकवू नये. मला सांगायचंय ते नंतरच्या आठ-दहा दिवसांचं. त्या दिवसांत काही बिघडलं तर ते आधी दिसतं आईला, सासूला, नवऱ्याला. आम्ही कुणी तिथं नसतो.

सुई कुठली होती

"कमरेत इंजेक्शन दिलं," घरच्यांना एवढंच ठाऊक असतं. पण ही इंजेक्शनं दोन प्रकारची. मज्जारज्जूभोवती पाण्यासारख्या द्रवाची एक पिशवी असते. सिझरला बहुतेक वेळा देतात ते स्पायनल. त्याची सुई २५ ते २७ गेजची, केसासारखी. ती पिशवीत घालायची, औषध सोडायचं, काढून घ्यायची. एपिड्युरलची सुई १६ किंवा १८ गेजची. आकडा लहान तितकी सुई जाड, हे उलटं गणित लक्षात ठेवा. ही जाड सुई पिशवीच्या अलीकडे थांबवायची असते. तिच्यातून दोऱ्यासारखी नळी आत सरकवतात, सुई काढतात, नळी पाठीवर चिकटवून ठेवतात आणि बाळ होईपर्यंत तिच्यातून औषध देत राहतात. मध्येच सिझर करायची वेळ आली तर बहुधा त्याच नळीतून जास्तीचं औषध जातं.

ही जाड सुई कधीकधी अलीकडे न थांबता पिशवीतच शिरते. शंभरात साधारण एकदा, आणि चांगल्या अनुभवी हातूनही. बारीक सुईचं छिद्र बहुतेक वेळा लवकर मिटतं. जाड सुईच्या छिद्रातून पाणी पिशवीबाहेर झिरपत राहतं. भाचीचं डोकं त्यानंच दुखत होतं. अशी सुई लागलेल्या निम्म्याहून जास्त बायकांचं दुखतं.

गंमत म्हणजे भाचीच्या भूलतज्ज्ञांनी हे लपवलं नव्हतं. मी त्यांना फोन केला तर पहिल्याच वाक्याला म्हणाले, "हो सिस्टर, पहिल्यांदा आत गेली होती, दुसऱ्या जागी घातली. मी मिस्टरांना सांगितलं होतं, डोकं दुखलं तर लगेच कळवा म्हणून." मिस्टरांना विचारलं. बायको ओरडतेय, सासरे पार्किंगमधून फोन करताहेत, फॉर्मवर सह्या चालल्यात. त्याच्या काही म्हणजे काही लक्षात नव्हतं. याला दोष तरी कुणाला देणार? म्हणून मी म्हणते, कागदावर घ्या. कागदाचं शेवटी सांगतेच.

पहिले चार तास आणि पहिली लघवी

नळीतून शेवटचं औषध किती वाजता गेलं ती वेळ केसपेपरवर असते. ती विचारून मोबाइलमध्ये टाका. तिथून चार तासांत बाईला गुडघा न वाकवता टाच गादीवरून वर उचलता आली पाहिजे. आधी एक पाय, मग दुसरा. "पाय हलतो का?" असं विचारू नका. सगळ्या बोटं हलवून दाखवतात आणि हो म्हणतात. टाच उचलायला लावा आणि डोळ्यांनी बघा.

चार तास होऊनही टाच उचलत नसेल, किंवा मघाशी उचलत होती आणि आता पाय पुन्हा जड पडला, तर सिस्टरला सांगा. सिस्टर "उतरेल हळूहळू" म्हणाली तर "भूलतज्ज्ञांना बोलवा" असं स्पष्ट म्हणा. आम्हाला राग येत नाही. आला तरी येऊ द्या. नळीच्या जागी आत रक्त साकळून नसांवर दाब येणं ही यातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट. ब्रिटनमधल्या प्रसूती-भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं बायकांसाठी केलेल्या माहितीपत्रकात तिचं प्रमाण १ लाख ७० हजारांत एक असं दिलंय, म्हणजे मी अख्ख्या नोकरीत एकही न पाहता निवृत्त होईन. पण झालं तर एमआरआय आणि ऑपरेशन काही तासांत व्हावं लागतं, उद्या सकाळच्या राउंडपर्यंत थांबून चालत नाही. रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू असतील तर जास्तच डोळा ठेवायचा. ती कधी द्यायची आणि नळी कधी काढायची याची वेळ भूलतज्ज्ञच ठरवतात.

नळी काढताना बघत असाल तर एक दिसेल. सिस्टर नळीचं टोक डोळ्यांजवळ धरून बघते. टोकाला रंगाची खूण असते. ती खूण शाबूत बाहेर आली की आम्ही "टिप इन्टॅक्ट" असं लिहितो. लिहिलंय का ते विचारायला हरकत नाही.

आता शेकाचं. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षीची गोष्ट. एका बाळंतिणीचे पाय गार लागतात म्हणून तिच्या आजीनं रात्री गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवली. पाय बधिर. पहाटे चादर काढली तर पोटरीवर लिंबाएवढा फोड. पोरीला काही कळलंच नव्हतं. ती पिशवी रात्री अकराच्या राउंडला मी बघितली होती, आणि बघून पुढच्या खाटेकडे गेले होते. तेव्हापासून माझ्या वॉर्डात नियम आहे: बोटानं टिचकी मारल्यावर दोन्ही पायांना सारखं जाणवायला लागेपर्यंत पिशवी नाही, शेगडी नाही, हीटर पायाशी नाही. पाय गार असतील तर मोजे घाला. आणि बधिर पाय एकाच जागी तासन् तास ठेवू नका, टाचा लाल होतात. दर तासाला कूस बदलून द्या.

पहिल्यांदा उठवताना आधी पाय खाली सोडून खाटेच्या कडेला पाचेक मिनिटं बसवा. औषधानं बीपी खाली येतं, त्यात रक्त गेलेलं, चक्कर ठरलेली. बाजूला एक माणूस हवा. बाथरूमची कडी लावू द्यायची नाही. बाळ तिच्या हातात तर मुळीच नाही.

लघवीकडे घरचे लक्षच देत नाहीत, आणि वॉर्डात सगळ्यात जास्त घोळ मी तिथंच पाहिलेत. मूत्राशय बधिर असतं, भरलेलं कळत नाही. बाळ झाल्यापासून, किंवा लघवीची नळी काढल्यापासून, सहा तासांत एकदा मोकळी लघवी झालीच पाहिजे. मापाच्या भांड्यात करायला सांगतात त्याचा कंटाळा करू नका. दीडशे मिलीच्या वर हवी. "होतेय ना थोडी थोडी" यावर मी कधीच विश्वास ठेवत नाही. भरून ओसंडलेलं मूत्राशय थेंब थेंब गळतं, आणि बाई म्हणते झाली. पोटावर हात ठेवला की बेंबीपाशी टणक फुगवटा लागतो. त्या फुगवट्यानं गर्भाशय वर ढकललं जातं, नीट आकसत नाही आणि रक्तस्राव वाढतो. एकदा नळी घालून मोकळं केलं की प्रश्न मिटतो. तसंच ताणून ठेवलं तर मूत्राशयाची ताकद परत यायला आठवडे लागतात.

नाकाला-तोंडाला खाज आणि दात वाजेपर्यंत थंडी, या दोन्हींनी घरचे घाबरतात. खाज औषधातल्या फेंटानिल या वेदनाशामकानं येते आणि औषध उतरलं की जाते. थंडी ब्लँकेटनं जाते, पण आधी ताप मोजा.

उठलं की चढतं, पडलं की उतरतं

हे डोकं ओळखायला यंत्र लागत नाही. बाईला पाच मिनिटं ताठ बसवा, मग सपाट झोपवा. बसल्यावर चढलं आणि झोपल्यावर उतरलं तर ते सुईचंच समजून चालायचं. बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांत सुरू होतं, कधी पाचव्या दिवसापर्यंत. म्हणजे नेमकं घरी गेल्यावर. कपाळ आणि मानेची मागची बाजू धरते, मान आखडते. कान बंद झाल्यासारखे वाटतात, उजेड नको होतो, मळमळतं. क्वचित एकाचे दोन दिसतात.

१८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बीअर नावाच्या सर्जननं स्पायनलचा प्रयोग स्वतःवरही करून घेतला, आणि त्यालाही पुढे कित्येक दिवस उभं राहवेना. पुरुषालाही होतं ते. सव्वाशे वर्षं माहीत असलेल्या दुखण्याला "वारा लागला" म्हणायचं कारण नाही.

घरी काय करायचं ते बहिणीला सांगितलं तसंच सांगते.

झोपून बरं वाटतं तर झोपू दे. पण झोपून छिद्र भरत नाही, म्हणून सक्तीनं चोवीस तास आडवी ठेवायचीही गरज नाही. सतत पडून राहिलं की पायात रक्ताच्या गाठी व्हायची भीती, तेव्हा पाय हलवत राहायचं. बाळाला कुशीवर झोपूनच पाजायचं. बाळ उचलून तिच्या कुशीत ठेवायचं काम दुसऱ्यानं करायचं. शौचाला कुंथायला लागू नये, रात्री इसबगोल चालतो.

पाणी तहानेइतकं आणि वर एखादा तांब्या. पाच लिटर पाजून डोकं थांबत नाही, नुसत्या बाथरूमच्या चकरा वाढतात. पण याच्या उलट जी आपली जुनी रीत आहे, बाळंतिणीला पाणी तोडायचं, अंग सुटतं म्हणून, ती मात्र सोडा. बाळंतपणात रक्त मुळात लवकर गोठतं. पाणी तोडलं की मेंदूच्या शिरेत गुठळी व्हायचा धोका वाढतो, आणि ती गुठळीही डोकेदुखीनंच सुरू होते.

कॉफी चालते, पण तिचा उतारा काही तासांपुरता. पाजणाऱ्या आईनं कॅफीन दिवसाला २०० ते ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं. म्हणजे दोन कप कडक कॉफी, आणि त्या दिवशी चहा कमी. कॅफीन दुधातून बाळाला जातं, मग रात्री तेही जागं आणि तुम्हीही.

पॅरासिटामॉल वेळेवर घ्यायची, दुखेल तेव्हा नाही. पन्नास किलोच्या वर वजन असेल तर ५०० च्या दोन गोळ्या, दर सहा तासांनी, चोवीस तासांत चार ग्रॅमच्या वर अजिबात नाही. घरात सर्दीची म्हणून दुसरी एखादी गोळी चालू असते, तिच्यातही पॅरासिटामॉल असतं, ते धरून मोजा. वजन कमी असेल तर डोस विचारून घ्या. जोडीला जेवणानंतर आयबुप्रोफेन देतात, पण बीपी, किडनी, अल्सर किंवा दम्याचा त्रास असेल तर न विचारता नको. दोन्ही पाजताना चालतात. कोडीन असलेली गोळी पाजणाऱ्या आईला नको.

डोक्याला फडकं बांधल्यानं काही होत नाही, ना भलं ना बुरं. आईचं समाधान होत असेल तर बांधा. धुरी मात्र नको. तीन दिवसांच्या बाळाच्या खोलीत धूर कशाला? बहिणीनं यावर माझ्याशी दोन मिनिटं अबोला धरला होता.

एवढं करून एखाद-दोन आठवड्यांत बऱ्याच जणींचं आपोआप जातं. पण ताट समोर आल्यावर बसून दोन घास खाता येत नाहीत, बाळ मांडीवर घेता येत नाही, असं असेल तर सोसत बसू नका. याला इलाज आहे.

ब्लड पॅच

१९६० मध्ये गॉर्मली नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी एक गोष्ट हेरली. सुई घालताना ज्यांना जरा रक्त आलं, त्यांचं डोकं कमी दुखतं. त्यांनी मग रुग्णाचंच दोन-तीन मिली रक्त त्या जागी सोडून बघितलं. आता सोडतात साधारण २० मिली, आणि यालाच ब्लड पॅच म्हणतात. तत्त्व सायकलच्या पंक्चरचं. रक्त छिद्रावर बसतं, गोठतं आणि गळती थांबते. शिवाय त्या रक्तानं बाहेरून दाब येतो, त्यामुळे काही जणींना टेबलावरच हलकं वाटतं.

डोकं सुरू होऊन ४८ तास झाल्यावर केला तर टिकायची शक्यता जास्त, म्हणून डॉक्टर "उद्या बघू" म्हणाले तर ते टाळताहेत असं समजू नका. अंगात ताप असेल तर करत नाहीत. पहिल्याच खेपेला पूर्ण बरं वाटणाऱ्या तीनात एक, बऱ्याच जणींना निदान निम्मा उतार, आणि काहींना दुसऱ्यांदा करावा लागतो. जुन्या लोकांना वाटतं पाठीत पुन्हा सुई म्हणजे पुन्हा तेच, म्हणून ते मुलीला नेतच नाहीत. त्यात आठवडा जातो.

भाचीला शनिवारी सिन्नरहून आणली, मागच्या सीटवर झोपवून. भूलतज्ज्ञांनी मला आत उभं राहू दिलं. ती कुशीवर, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला. पाठीमागे ते स्वतः सुई धरून, दंडाशी दुसरे डॉक्टर. दंड साबणानं आणि औषधानं तीनतीनदा पुसलेला, कारण तेच रक्त पाठीत जाणार. वीसची सिरिंज भरली आणि डाव्या हातातून उजव्या हातात गेली. मग हळूहळू, घड्याळ लावून. "कमरेत दाब आला की सांग." अठराच्या आसपास ती म्हणाली, "आता घट्ट वाटतंय." ते तिथंच थांबले. ओढूनताणून वीस पुरे करणारे नाहीत, हे मला आवडलं.

दोन तास उताणी ठेवली. मग बसवली. ती मान खाली घालूनच बसली, सवयीनं. मी म्हटलं, वर बघ. तिनं हळूच पंख्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि म्हणाली, "मावशी, भूक लागलीय." गाडीतून येताना बहिणीनं डिंकाचे लाडू आणले होते. बसून दोन खाल्ले.

त्यानंतर काही दिवस वाकायचं नाही आणि बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. पाण्याची कळशी नाही, धुण्याची बादली नाही. कंबर दोन-तीन दिवस जड राहते, त्याला पॅरासिटामॉल पुरते. ताप आला, कंबर वाढत गेली किंवा पायात बळ कमी वाटलं तर त्याच दिवशी परत जायचं.

काही ठिकाणी नाकात औषधाचे बोळे ठेवतात. काहींना त्यानं तासाभरात बरं वाटतं, पण छिद्र तिथंच असतं. पॅचसाठी थांबायचे दोन दिवस काढायला ठीक.

जे डोकं सुईचं नाही

झोपूनही तसंच दुखतं, किंवा आधी झोपल्यावर उतरायचं आणि आता उतरत नाही, तर ते वेगळं धरा. डोळ्यांपुढे काजवे, बरगडीखाली दुखणं, तोंडावर सूज असेल तर आधी बीपी बघा. बाळंतपणातला बीपीचा आजार बाळ झाल्यावरही, अगदी सहा आठवड्यांपर्यंत, येऊ शकतो. आधी कधीच बीपी नव्हता या बोलण्याला अर्थ नसतो. १४०/९० च्या वर असेल तर त्याच दिवशी दाखवा, १६०/११० असेल तर त्याच क्षणी निघा. ताप आणि ताठ मान एकत्र असेल, झटका आला, एक हात किंवा पाय लुळा पडला, जीभ जड झाली, बाई पेंगुळली किंवा असंबद्ध बोलू लागली, तर फोन १०८ ला लावायचा. मला किंवा माझ्यासारख्या घरातल्या सिस्टरला नाही.

"कंबर कायमची गेली"

हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही. सुईची जागा चार-सहा दिवस दुखते, दाबली तर हुळहुळते. पण महिनोन् महिने दुखणारी कंबर ही एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांत सारखीच असते. नऊ महिने पोट पुढे आलेलं, सांधे सैल झालेले, आणि आता दिवसातून दहा वेळा वाकून पाजायचं. पाठीमागे उशी घ्या, बाळ वर आणा, स्वतः खाली जाऊ नका. मालीशवाल्या बाईला सुईची जागा दाखवा आणि आठवडाभर तिथं अंगठा लावू नको म्हणून सांगा. त्या ऐकतात, आधी सांगितलं तर.

त्या जागी लाली, सूज, पू किंवा कमरेत वाढत जाणारा ठणका आणि ताप असेल तर ते वेगळं. आत पू धरायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही लागतात. तोवर सगळे एपिड्युरल विसरून गेलेले असतात आणि तापाचा दोष दुधाच्या गाठीला जातो. डॉक्टरांना आपण होऊन सांगा, कमरेत नळी होती.

पायाचा एखादा भाग बधिर राहिला तर सगळे सुईकडे बोट दाखवतात. बहुतेक वेळा दोषी असतं बाळाचं डोकं, नाहीतर तासन् तास पाय वर धरून कळा देणं. त्यानं नसा दबतात. मांडीची बाहेरची बाजू बधिर, पण चालता येतं, हे सगळ्यात जास्त दिसतं आणि काही आठवड्यांत जातं. जिना उतरताना गुडघा मोडतो किंवा चप्पल पायातून निसटते, पाऊल उचलत नाही, असं असेल तर दाखवा. फिजिओथेरपी लागते, बहुतेकींचं दोन-तीन महिन्यांत येतं. पण दोन्ही पाय, किंवा बसायच्या जागेचा बधिरपणा, किंवा लघवी-शौचाचा ताबा सुटणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. लाजून दोन दिवस न सांगणाऱ्या बायका असतात. सासूनं नसेल विचारता येत तर नवऱ्यानं विचारावं.

तो कागद

डिस्चार्ज घेताना सगळ्यांचं लक्ष बिलाकडे आणि बाळाच्या टोपीकडे असतं. पाच मिनिटं काढा. एका कागदावर लिहून घ्या: स्पायनल की एपिड्युरल, सुई एकदा घातली की पुन्हा, आणि पिशवीला लागली होती का, शेवटचा डोस किती वाजता, नळी किती वाजता काढली आणि टोक शाबूत होतं का, रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालू आहे का. आणि भूलतज्ज्ञांचं नाव व हॉस्पिटलचा तो नंबर, जो रात्री उचलतात. डिलिव्हरीच्या डॉक्टरांचं नाव घरादाराला पाठ असतं, भूलतज्ज्ञांचं एकालाही सांगता येत नाही. आणि डोकं दुखल्यावर कामाला येणारा माणूस तोच.

सुई लागली होती असं कागदावर असेल तर घरी गेल्यावर पहिले पाच दिवस रोज एकदा ताठ बसवून विचारा. नंतर सहा आठवड्यांच्या तपासणीलाही सांगा, डोकं अजून कधी येतं का, कान कसे आहेत. आणि पुढच्या बाळंतपणात कळा सुरू व्हायच्या आधी हा कागद नव्या भूलतज्ज्ञांपुढे ठेवा. एकदा असं झालं म्हणून पुन्हा एपिड्युरल मिळत नाही असं नाही, पण त्यांना आधी कळलेलं बरं.

भाचीनं तिचा कागद बाळाच्या लसीकरण कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात सारलाय, बीसीजीच्या तारखेच्या मागे. बहीण म्हणते, त्याच पाकिटात तिनं वेखंडाचा तुकडाही ठेवलाय. ठेवू दे.